पावतीपुस्तकाची मागची पानं

बेळगावच्या खडेबाजारात देणगी मागायला गेलात तर एक दृश्य हमखास दिसेल. शेठ 'बसा' म्हणतात, पोराला चहा सांगतात, गिऱ्हाईक सांभाळत तुमचं म्हणणं अर्धंमुर्धं ऐकतात आणि हात पुढे करतात. तो हात पावतीपुस्तकासाठी असतो. पुस्तक मिळालं की कोऱ्या पानाकडे ते बघतही नाहीत, मागची पानं चाळतात. शेजारच्या कापडवाल्याचे किती, समोरच्या भांडीवाल्याचे किती. एका पावतीवर अंगठा जरासा थांबतो. मग पुस्तक परत देत म्हणतात, "घाला, एक हजार एक."

माणसं देणगी का देतात, किती देतात आणि एकदा दिल्यावर पुन्हा का देत नाहीत, यावर अर्थतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ प्रयोग केले आहेत. त्यातलं बरंच काही त्या थांबलेल्या अंगठ्यात सापडतं. वाचनालय, तालीम, महिला मंडळ, माजी विद्यार्थ्यांचा गट असं काही चालवणाऱ्यांना ते माहीत असलेलं बरं, कारण आपण सगळे पैसे मागतो ते अंदाजाने आणि बरेचदा लाजत लाजत.

मीही तशीच सुरुवात केली. आमचं गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटीच्या पुढे. तिथल्या मराठी शाळेचं छप्पर गळत होतं. शाळेच्या देखरेख समितीने, म्हणजे एसडीएमसीवाल्यांनी, हात टेकले, तेव्हा आम्ही माजी विद्यार्थ्यांनी ट्रस्ट काढून पैसे जमवायचं ठरवलं. मी बेळगावात एका करसल्लागारांच्या ऑफिसात हिशेब लिहिते. "तुला आकडे कळतात की गे," एवढ्या भांडवलावर मी खजिनदार झाले. आणि आकडे कळतात म्हणूनच पहिली चूक केली.

आमचं पहिलं पत्रक आकड्यांनी भरलेलं होतं. खोल्या किती, चौरस फूट किती, वासे किती, पत्रे किती, पटावर मुलं किती, एकूण खर्च किती. ते पुण्या-मुंबईपासून गोव्यापर्यंत सगळ्या ग्रुपवर गेलं. उत्तरादाखल भरपूर जोडलेले हात आले, पैसे मात्र आले नाहीत.

२००७ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग मला तेव्हा माहीत नव्हता. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोव्हिक या तिघांनी लोकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली, त्याचे ५ डॉलर त्यांच्या हातावर ठेवले आणि विचारलं, आफ्रिकेतल्या उपाशी लोकांसाठी यातले काही द्याल का? एका गटाला नुसती आकडेवारी दिली होती. दुसऱ्याला माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती. आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाबद्दल वाचलेल्यांनी २.३८. खरी गंमत तिसऱ्या गटाची. त्यांना रोकियाही सांगितली आणि आकडेही. आपल्याला वाटेल, हे तर सगळ्यात जास्त देणार. त्यांनी दिले १.४३. गोष्टीत आकडे मिसळले आणि गोष्टच पातळ झाली.

मनाला गुणाकार जमत नाही, हे त्यामागचं कारण. १९९२ च्या एका अभ्यासात लोकांना विचारलं होतं की तेलाच्या डबक्यांत बुडून मरणारे पक्षी वाचवायला तुम्ही किती पैसे मोजाल. काहींना २,००० पक्षी सांगितले, काहींना २०,०००, काहींना २,००,०००. उत्तरं आली अनुक्रमे ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट झाले तरी रक्कम जागची हलली नाही, कारण डोळ्यांसमोर आलेला पक्षी तिन्ही वेळा एकच होता.

आमच्या दुसऱ्या पत्रकात एक फोटो होता आणि चार ओळी. जुलै महिन्यात चौथीच्या वर्गातला फळा उजव्या बाजूने ओला असतो. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही. म्हणून बाई डाव्या अर्ध्या भागावरच लिहितात. फोटोत तो फळा होता, डावीकडे पाढे आणि उजवीकडे भिंतीवरून उतरलेला काळसर ओघळ. पहिले पैसे संध्याकाळच्या आत आले, तेही फोंड्याहून, तिथल्या एका कारखान्यात कामाला असलेल्या आमच्याच गावच्या माणसाकडून. "मी त्याच वर्गात होतो," एवढंच त्याने लिहिलं होतं.

इथे एक सांगायलाच हवं. रोकियाचा प्रयोग वाचून कुणी उघड्यानागड्या पोरांचे फोटो ग्रुपवर टाकायला लागेल, तर कृपा करून तसं करू नका. गावात प्रत्येक पोर कुणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ते पोर पुढे दहावीला जातं, तेव्हाही तो फोटो फिरत असतो. एखादी वस्तू दाखवा. फळा, ओला दप्तराचा खण, लोखंडी कपाटातली भिजलेली हजेरी. वस्तूला लाज नसते.

आणि आकडे फेकून देऊ नका. ते फक्त योग्य माणसाकडे न्या. उद्यमबागेत फाउंड्री चालवणाऱ्या एका मालकांपुढे मी फळ्याचा फोटो ठेवला, तर त्यांनी तो बाजूला सरकवला. "एस्टिमेट दाखवा. पत्रा कुठल्या गेजचा?" मोठी रक्कम देणारा माणूस देण्याआधी हिशेब करतो. त्याला गोष्ट सांगत बसलात तर तो वेळ गेला म्हणून वैतागतो.

आता परत पावतीपुस्तकाकडे.

आमच्या पुस्तकातली पहिली पावती मी माझ्याच काकांच्या नावे फाडली, १०१ रुपयांची. भवानी म्हणून. पुढच्या अकरा पावत्या १०१ ते १५१ च्या आल्या. त्यातले चार जण असे होते की जे गल्लीच्या गणपतीला सहज दोन हजार देतात. त्यांची दानत कमी पडली नव्हती. त्यांना मागच्या पानांवर जी रीत दिसली, ती त्यांनी पाळली. लग्नातल्या आहेराचं आपण हेच करतो. त्यांच्याकडून आपल्याला किती आले होते ते वहीत बघतो आणि पाकिटात तेवढेच किंवा थोडे वर घालतो.

जेन शांग आणि रेचल क्रोसन या दोघींनी अमेरिकेतल्या एका सार्वजनिक रेडिओच्या देणगीदारांवर हेच तपासलं. देणगी द्यायला फोन करणाऱ्याला सहज बोलता बोलता सांगायचं, "आत्ताच एका सभासदाने ३०० डॉलर दिले," आणि मग विचारायचं, तुम्ही किती देणार? काहीच न सांगितलेल्यांपेक्षा देणगी १२ टक्क्यांनी वाढली. सांगितलेला आकडा भारी होता, पण आवाक्याबाहेरचा नव्हता. देणाऱ्याला आपण चिक्कू ठरू नये असं वाटतं आणि येडे ठरू नये असंही वाटतं. मागची पानं त्याला या दोन्हींच्या मधली जागा दाखवतात.

याला जोडूनच आणखी एक प्रयोग. जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली यांनी एका विद्यापीठासाठी संगणक घ्यायला पैसे मागितले. काहींना सांगितलं की लागणाऱ्या रकमेपैकी १० टक्के आधीच जमलेत, काहींना सांगितलं ६७ टक्के जमलेत. आपला हिशेब म्हणेल, जिथे जास्त कमी पडतंय तिथे लोक जास्त देतील. झालं उलटं. ६७ टक्केवाल्यांकडून जवळपास सहापट पैसे आले. अर्ध्यावर बंद पडणाऱ्या कामात कुणाला पैसे घालायचे नसतात. कळसाला सगळे धावतात, पायाला कुणी येत नाही, ही आपल्या देवळांच्या जीर्णोद्धार कमिट्यांची जुनी रड आहे, आणि तिच्यावरचा उपायही त्यांनाच माहीत आहे. गल्लीतले पंच वर्गणीचं पुस्तक बाहेर काढण्याआधी दोन-तीन घरी गुपचूप जाऊन येतात. पहिली पानं भरली की मगच ढोल वाजतो.

आम्ही ते पुस्तक बाजूला ठेवून नवीन घेतलं. पहिली पावती गावच्या एका निवृत्त सुभेदारांची, एकवीस हजारांची. त्यांच्या मागोमाग ज्या गल्ल्यांतून १०१ आले होते, त्याच गल्ल्यांतून ५०१ आणि १,००१ यायला लागले. मात्र ही पावती खरी असली पाहिजे. खोट्या नावाने मोठी पावती फाडून 'वातावरण तयार करणारे' मी पाहिलेत. आपल्याकडे कोण किती देऊ शकतो हे अख्ख्या गल्लीला माहीत असतं. एक आकडा खोटा निघाला की सगळं पुस्तक खोटं ठरतं.

'तुम्ही जेवढे द्याल तेवढे मी घालतो' असं म्हणणारा कुणी मिळाला तर सोन्याहून पिवळं. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांनी ५०,००० जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवून हे पाहिलं. अशी जोड दिल्यावर दर पत्रामागे येणारी रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. पण एकास एक ऐवजी एकास दोन किंवा एकास तीन जोड जाहीर केली, तरी त्याहून जास्त फरक पडला नाही. तेव्हा जोड देणाऱ्याला उगीच ताणू नका.

छोट्या देणगीचं शास्त्र वेगळं आहे. 'फूल ना फुलाची पाकळी' हे आपण सवयीने म्हणतो. १९७६ साली रॉबर्ट सियाल्डिनी आणि डेव्हिड श्रोडर यांनी कर्करोग संस्थेसाठी घरोघरी मागताना एका गटापुढे शेवटी एवढंच जोडलं, "एक पेनी दिलीत तरी मदत होईल." साध्या मागण्याला २९ टक्के लोकांनी पैसे दिले, या वाक्यानंतर ५० टक्के लोकांनी. आणि वाटलं होतं तसे लोकांनी पेनीवर भागवलं नाही, सरासरी रक्कम घसरली नाही. 'एवढंही जमत नाही' असं म्हणायला तोंड उरत नाही, आणि एकदा पाकीट उघडलं की त्यातून पेनी काढून द्यायला माणसाला लाज वाटते.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड आठवून बघा. घरातल्या बाईने दळणाच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते वसतिगृहाच्या मुलांसाठी. धान्य तर मिळत होतंच, पण जिने रोज मूठ काढली तिच्यासाठी ती शाळा रोज आपली होत गेली. आमच्या गावात एका आजीने मला पैसे नव्हते म्हणून दोन शेर तांदूळ दिले. मी पावती दोन शेर तांदळाचीच फाडली. त्या पावतीचा फोटो ग्रुपवर गेला आणि त्या आठवड्यात जेवढे पैसे आले तेवढे नंतर कधी आले नाहीत. मोठ्या देणगीदारापुढे मात्र 'काहीही चालेल' हे वाक्य चुकूनही काढायचं नाही. तो खरंच काहीही देतो.

दहा-बारा पोरांचं टोळकं दारात उभं राहिलं की जे हातात पडतं ते या सगळ्यात धरू नका. त्यावरही प्रयोग झालाय, शिकागोच्या आसपास, २०१२ साली प्रसिद्ध झाला. अमुक वेळी देणगी मागायला येणार अशी चिठ्ठी आधी दाराला लावली, तर दार उघडणारेच ९ ते २५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे देणाऱ्यांतले काही जण केवळ नाही म्हणता येत नाही म्हणून देत होते. असा पैसा एका वर्षी येतो. पुढच्या वर्षी पोरं दिसली की ते घर आतून कडी घालतं.

ऑफिसखर्चाबद्दल देणगीदार फार हळवे असतात. "माझे पैसे छपरालाच जाणार ना? रिक्षाला नाही ना?" हे मला निदान तीसेक जणांनी विचारलंय. खर्च तर होतोच: छपाई, डिझेल, ऑडिट. उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४०,००० लोकांना पत्रं पाठवली. एका मोठ्या देणगीदाराचे १०,००० डॉलर त्यांनी तीन तऱ्हांनी मांडले: एकदा सुरुवातीची रक्कम म्हणून, एकदा जोड म्हणून, आणि एकदा 'सगळा व्यवस्थापनखर्च यातून भागलाय, तुमचा पैसा न पैसा कामाला जाईल' असं म्हणून. तिसऱ्या तऱ्हेने नुसत्या मागण्यापेक्षा जवळजवळ तिप्पट पैसे आले. आम्ही आमच्या गटातल्या तिघांना विचारलं, तुमची देणगी छपाई-डिझेलला वापरू का? ते तयार झाले. मग पत्रकावर तसं लिहिता आलं, आणि ते खरं होतं.

कराबद्दल मला ऑफिसात रोज विचारतात, तेव्हा थोडक्यात. ८०जी म्हणून आपण ओळखतो त्या देणगीवरच्या करसवलतीत निम्मे पैसे परत मिळतात, असा बऱ्याच जणांचा समज आहे. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते. १०,००० दिले, तर ५,००० वजा. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचला १,५०० च्या आसपास. तोही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. आणि रोखीने २,००० पर्यंतच चालतं, त्यावर गेलं की त्या देणगीवर सवलतच नाही. म्हणजे शकुनाचा एक रुपया घालून २,००१ रोख दिले की तो एक रुपया महागात पडतो! देणगीदाराचा पॅन घेऊन ठेवा. संस्थेने विवरण भरलं नाही तर त्याचं प्रमाणपत्रच निघत नाही. दुबईत किंवा मस्कतला असलेला गावचा माणूस भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्ट बदलला असेल तर मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आड येतो.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. पुण्यातला देणगीदार पहिल्या फोनलाच विचारतो, "धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी नंबर काय?" तो पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडला असतो, आमच्याकडे कुठून येणार? इकडे ट्रस्टचा दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवतात, सोसायटी असेल तर १९६० चा कर्नाटकाचा कायदा लागतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाला आपण काहीतरी लपवतोय असं वाटतं. विचारायच्या आधीच एका ओळीत लिहून टाका, आणि ८०जी केंद्राची असल्यामुळे दोन्हीकडे सारखीच चालते हेही.

दुसरी गोष्ट भाषेची. 'सीमाभाग' हा शब्द पुण्या-मुंबईत चालतो, हे मी नाकारणार नाही. आपल्या माणसासाठी हात सैल सुटतो, हे सगळीकडचंच. पण त्या शब्दावर सगळी मागणी उभी केली की तुमच्या शेजारचा माणूस बाहेर राहतो. ज्यांच्याकडून आमचे पत्रे आले ते व्यापारी घरी कन्नड बोलतात. त्यांनी भावही कमी लावला आणि गाडीभाडंही घेतलं नाही. आमचं पत्रक आता एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असं आहे. रागावून दिलेली देणगी मोठी असते, पण राग उतरला की माणूस परत येत नाही, असं माझं निरीक्षण.

आणि परत येणं हाच सगळ्यात अवघड भाग. २०१९ च्या ऑगस्टात निपाणी, चिकोडी, गोकाक भागात पूर आला तेव्हा मदतीच्या गाड्या मावत नव्हत्या. जुन्या कपड्यांचे ढीग लागले, त्यातले निम्मे कुणाच्या अंगाला न लागणारे. जेम्स आंद्रेओनी या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये ज्याला देण्याची ऊब म्हटलं, ती हीच: देताना देणाऱ्याला बरं वाटतं, आणि पुष्कळदा त्याच्यासाठीच दिलं जातं. यात वाईट काही नाही. फक्त ती ऊब लवकर विझते. दिवाळीपर्यंत तोच माणूस पुराची गोष्ट काढली की विषय बदलायचा.

मग करायचं काय? शाल-श्रीफळ? झुरिकमधल्या एका प्रयोगात मागणीपत्रासोबत मुलांनी काढलेली चार शुभेच्छापत्रं पाठवली, तेव्हा देणाऱ्यांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. पण 'देणगी द्या, आम्ही भेट देऊ' असं म्हटलं की उलट कमी पैसे येतात, असंही दुसऱ्या प्रयोगांत दिसलंय. मग तो सौदा होतो. आभाराचे फोन? अमेरिकेत पाच लाखांहून जास्त देणगीदारांवर अनेक वर्षं चाललेल्या प्रयोगात अशा फोनमुळे पुढच्या वर्षीच्या देणगीत काहीच फरक पडला नाही. नुसतं 'धन्यवाद' कुणाच्या लक्षात राहत नाही.

आम्ही फोन केले नाहीत. पुढच्या जुलैत, धो धो पावसात, त्याच वर्गातल्या त्याच फळ्याचा फोटो काढला. या वेळी डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत लिहिलेला. तो दोन शेर तांदूळवाल्या आजींसकट सगळ्यांना दाखवला.

खडेबाजारातल्या शेठनाही. ऑगस्टात मी वाचनालयाच्या कपाटासाठी गेले, तेव्हा चहा सांगून त्यांनी पुस्तक मागितलं. मी आधी मोबाइल पुढे केला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा वर सारला आणि फळ्यावरचं मराठी एकेक शब्द लावत वाचलं.

"इथं वेलांटी चुकलीय की ओ," ते म्हणाले. आणि दोन हजार एक घालायला सांगितले, फोनवरून.